सोलारचं गॅजेट घेताय? आधी पॅनेल मोजा, मग पैसे

आजकाल मोबाईल उघडला की सोलारचं काहीतरी दिसतंच. सोलार पॉवरबँक, पंखा लावलेली सोलार टोपी, सोलार सॅक, सोलार सीसीटीव्ही, कंपाउंडवर लावायचे लाइट, आणि आता तर सोलार कार पण आली. यातल्या काही वस्तू खरंच भारी आहेत, काही निव्वळ शोपीस आहेत, आणि जाहिरातीत दोन्ही सारख्याच दिसतात, तीच हिरवी पानं, तोच चमकणारा सूर्य, तेच "आयुष्यभर फुकट वीज". पण कोणती कामाची आणि कोणती फेकू हे ओळखायला इंजिनियर असावं लागत नाही, एक मोजपट्टी आणि शाळेतला गुणाकार पुरतो.

हिशोब असा. स्वच्छ ऊन, भर दुपार, आणि पॅनेल सूर्याकडे तोंड करून ठेवलंय असं धरा, तर एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट एवढी ऊर्जा येऊन पडते. चांगलं पॅनेल त्यातली २० ते २२ टक्के विजेत बदलतं, म्हणजे एक चौरस मीटरमागे २०० वॅटच्या आसपास. पण हे भर दुपारचं झालं, सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं असतं, त्यामुळे अख्ख्या दिवसाचं ऊन गोळा करून बघितलं तर आपल्याकडे ते साधारण ५ तासांच्या कडक उन्हाएवढं भरतं. २०० वॅट गुणिले ५ तास म्हणजे १००० वॅट-तास, म्हणजेच महावितरणच्या बिलावर असतं ते एक युनिट. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं की बास: एक चौरस मीटर पॅनेल, एक उन्हाचा दिवस, एक युनिट. पावसाळ्यात यातलं निम्मं मिळालं तरी खूप.

आता लगेच प्रश्न येतो की बाकीचे ८० टक्के जातात कुठे, कंपन्यांना पकडता येत नाहीत का? तर प्रकाश अखंड धारेसारखा येत नाही, तो छोट्या छोट्या पुड्यांमध्ये येतो आणि प्रत्येक रंगाच्या पुडीत ऊर्जा वेगळी असते. पॅनेलमधल्या सिलिकॉनला एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला ठरावीक ऊर्जा लागते, ना कमी ना जास्त. उन्हातला जो भाग आपल्याला दिसत नाही, नुसता उष्णतेसारखा जाणवतो, त्यातल्या बऱ्याच पुड्या यापेक्षा अशक्त असतात, त्या वायाच जातात. निळ्या-जांभळ्या पुड्यांमध्ये गरजेपेक्षा जास्त ऊर्जा असते पण पुडी मोठी असली तरी इलेक्ट्रॉन एकच सुटतो, उरलेली ऊर्जा पॅनेल गरम करण्यात जाते. शॉकली आणि क्वायसर या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ सालीच गणित करून दाखवलं की असल्या एका थराच्या सेलला तिशीच्या थोडंसं पुढेच जाता येतं, त्याच्या वर नाही. १९५४ ला अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल बनला तेव्हा तो ६ टक्क्यांचा होता, म्हणजे माणसाने प्रगती बरीच केलीय. वेगवेगळ्या पदार्थांचे दोन थर एकावर एक ठेवून लॅबमध्ये तिशी ओलांडलेली आहे पण ते पॅनेल हजार रुपयांच्या गॅजेटवर मिळणार नाही, तेव्हा "नवीन नॅनो टेक्नॉलॉजी, दुप्पट चार्जिंग" असं कुणी लिहिलं असेल तर पुढे सरका.

चला, पॉवरबँक घेऊ. डब्यावर लिहिलेलं असतं २०,००० एमएएच, आणि झाकणावर एक काळं चकचकीत पॅनेल. हे पॅनेल साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद, म्हणजे १०५ चौरस सेंटीमीटर. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटीमीटर असतात, म्हणजे हे त्याचा जेमतेम शंभरावा भाग झालं. शंभरावा भाग म्हणजे भर दुपारी २ वॅट आणि दिवसाला फार तर १० वॅट-तास. आता बॅटरीत किती मावतं? २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, गुणिले ३.७ व्होल्ट (आतल्या लिथियम सेलचं व्होल्टेज) म्हणजे ७४ वॅट-तास. म्हणजे सगळं अगदी आदर्श असलं, ऊन कडक, पॅनेल सूर्याकडे, कुठे गळती नाही, तरी ही पॉवरबँक भरायला सात-आठ दिवस लागतील, आणि प्रत्यक्षात यांच्या झाकणावरचं पॅनेल २ वॅट देतच नाही त्यामुळे दोन आठवडे धरा. ट्रेकला दोन दिवस जाताना ही नेली तर तुम्ही घरून भिंतीच्या प्लगवर जेवढी भरून नेली तेवढीच ती, सूर्याचा वाटा नावापुरता.

त्यात अजून एक गोची आहे जी कुणी सांगत नाही. चार्ज व्हायला तिला उन्हात ठेवायची, आणि लिथियम बॅटरीला सगळ्यात जास्त राग उन्हाचाच. काळं पॅनेल, खाली चिकटून बॅटरी, वर एप्रिल-मेचं ऊन, आतलं तापमान कुठल्या कुठे जातं आणि बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून ज्यांना खरंच बाहेर फिरताना चार्जिंग पाहिजे, ते घडी घालता येणारं २०-२५ वॅटचं पॅनेल वेगळं घेतात, ते सॅकवर किंवा दगडावर पसरतात आणि वायरने जोडलेली साधी पॉवरबँक सावलीत ठेवतात. आपल्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची असते, २० वॅटच्या पॅनेलमधून खरे १२-१४ वॅट जरी आले तरी दोनेक तासांत काम होतं. पॅनेल वेगळं आणि बॅटरी वेगळी, ही जोडी झाकणावरच्या चकचकीत तुकड्यापेक्षा केव्हाही बरी.

ऊन म्हटलं की अजून एक गैरसमज, जेवढा उन्हाळा कडक तेवढी वीज जास्त. नाही. पॅनेलला प्रकाश पाहिजे, उष्णता नकोय. पॅनेलवर जो आकडा छापतात तो सेल २५ अंशांवर असताना मोजलेला असतो, त्याच्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. अकोल्यात नाहीतर चंद्रपुरात मे महिन्यात पॅनेल सहज ६५ अंशांना जातं, म्हणजे ४० अंश जास्त, म्हणजे १२ ते १६ टक्के गायब. म्हणूनच पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवत नाहीत, खालून हवा खेळायला जागा सोडतात.

आणि सावली. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, करंट सगळ्यांमधून जायला लागतो. खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडला की मागची सगळी लाइन जशी उभी राहते तसंच इथे होतं, एका सेलवर डिशच्या काठीची सावली पडली तर त्या ओळीतले बाकीचे सेल उन्हात असूनही अडकतात. मोठ्या पॅनेलमध्ये यावर उपाय म्हणून आत डायोड टाकून बायपास दिलेला असतो, छोट्या गॅजेटमध्ये बहुतेक वेळा नसतो. बाल्कनीत ग्रिलमागे ठेवलेला सोलार दिवा रात्री अर्ध्या तासात का विझतो याचं उत्तर नव्वद टक्के वेळा ग्रिलच्या सावलीत असतं.

आता म्हणाल मग कॅल्क्युलेटर कसा चालतो, त्याची पट्टी तर बोटाएवढी आणि तो दुकानात ट्यूबलाइटखाली पण चालतो? ही खरी मजेशीर गोष्ट आहे. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरात ट्यूबलाइटखाली दोनशे-तीनशे लक्स, म्हणजे शेकडो पट कमी. तरी कॅल्क्युलेटर चालतो कारण त्याची भूकच जवळपास नाही. त्याचा तो राखाडी डिस्प्ले स्वतः उजेड देत नाही, बाहेरचा उजेड फक्त अडवतो, आणि आतली चिप एका वॅटच्या लाखाव्या भागात वगैरे भागवते. सोलार घड्याळांचं पण तेच, डायल थोडी पारदर्शक असते, तिच्याखाली सेल लपलेला असतो आणि घड्याळाला लागते ती वीज इतकी कमी की शर्टाच्या बाहीतून डोकावून मिळालेला उजेड पण पुरतो.

म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांत सोलार गॅजेटचं जे पीक आलंय ते पॅनेल फार सुधारलं म्हणून आलं असं मला तरी वाटत नाही. पॅनेल स्वस्त झालं हे खरंय, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्तूंची भूक कमी झाली. पूर्वी सोलार कंदील यायचा त्यात ७ वॅटचा सीएफएल आणि विटेसारखी जड लेड-अ‍ॅसिड बॅटरी असायची, आता २ वॅटच्या एलईडीत मुलं अभ्यास करतात आणि बॅटरी मुठीत मावते. घरचा जुना सीलिंग फॅन ७५ वॅट खायचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) फॅन ३० वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. तेवढ्याच पॅनेलवर अडीच पट काम व्हायला लागलं, ते असं.

अंगणात खोचायचे ते शंभर-दीडशे रुपयांचे दिवे तर मला इंजिनियरिंगचा नमुना वाटतात. आत एक १.२ व्होल्टचा साधा चार्जेबल सेल असतो, एलईडीला लागतात ३ व्होल्ट, मग चार पायांची एक छोटी चिप आणि एक कॉइल मिळून करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज वर उचलतात. आणि अंधार झाला हे ओळखायला वेगळा सेन्सर नाही, पॅनेलकडून येणारं व्होल्टेज बंद झालं की चिप समजते रात्र झाली आणि दिवा लावते. असला दिवा वर्ष-दोन वर्षांनी मिणमिणायला लागला की लोक फेकून देतात, तर फेकू नका, खालचा स्क्रू काढा, बहुतेकदा आतला सेल गेलेला असतो, त्याच मापाचा निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला, दिवा परत लागतो.

मात्र भिंतीवरच्या सोलार लाइटवर "३०० वॅट" असं लिहिलेलं असेल तर हसा आणि पुढे जा. तळहाताएवढ्या पॅनेलवर रात्रभर ३०० वॅट म्हणजे गणितच बसत नाही, तो आकडा मॉडेलचं नाव समजायचा. सीसीटीव्हीचं पण बघा, सतत रेकॉर्डिंग करणारा सिमवाला कॅमेरा ४ वॅट धरला तर २४ तासांचे ९६ वॅट-तास होतात, सोबत येणारं ५ वॅटचं पॅनेल दिवसाला देणार २५. मग तो चालतो कसा? तर तो झोपून असतो. समोर काही हललं की जागा होतो, अर्धा मिनिट रेकॉर्ड करतो, परत झोपतो. शेतावरच्या गोठ्यासाठी हे ठीक आहे, पण "चोवीस तास रेकॉर्डिंग" म्हणून कुणी विकत असेल तर पॅनेलची साइज विचारा.

आता दुसरा प्रश्न, जो मला पॅनेलच्या मापाएवढाच महत्त्वाचा वाटतो: ही वस्तू तुम्हाला ऊन असतानाच लागते का? लागत असेल तर बॅटरीची भानगडच नको. पंखेवाली टोपी दिसायला विनोदी आहे पण हिशोबात पास होते, पंखा अर्ध्या-पाऊण वॅटचा, पॅनेल तेवढं देतं, आणि पंखा पाहिजे तेव्हा ऊन हजरच असतं. याचंच मोठं रूप म्हणजे शेतातला सोलार पंप. ५ एचपीच्या पंपाला साधारण ५ किलोवॅटची पॅनेल लागतात आणि बॅटरी एकही नसते, ऊन वाढलं की कंट्रोलर मोटर जोरात फिरवतो, ढग आला की हळू. साठवायचं तर पाणी शेततळ्यात साठवा, वीज कशाला साठवायची. राज्याच्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. पण ज्याने डिसेंबरच्या थंडीत रात्री दोनला बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने ऊसाला पाणी दिलंय, त्याला या पंपाचा फायदा पैशात सांगावा लागत नाही, लाइटचं वेळापत्रकच सुटलं हे त्याला पुरेसं आहे.

शेतातच दिसणारी दुसरी वस्तू म्हणजे झटका मशीन. रानडुकरं आणि नीलगायींसाठी शेताभोवती तार, आणि त्या तारेत सेकंदाला साधारण एक झटका, हजारो व्होल्टचा. ऐकून घाबरायला होतं पण हा झटका इतक्या कमी वेळाचा असतो की जनावर दचकून पळतं, मरत नाही. सगळी करामत त्या क्षणभराच्या पल्समध्ये आहे, आणि सरासरी वीज इतकी कमी लागते की छोटं पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी रात्र काढते. याउलट काही जण पैसे वाचवायला घरच्या लाइनचा करंट थेट तारेत सोडतात, ते बेकायदेशीर तर आहेच आणि त्यात माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. तेव्हा इथे काटकसर नको.

इथपर्यंत सगळं विजेबद्दल झालं. पण माझं मत विचाराल तर घरासाठीच्या सगळ्यात हुशार सोलार वस्तू वीज बनवतच नाहीत. उन्हाची वीज करायला गेलं की २० टक्के हाती लागतात, उन्हाची उष्णताच वापरली तर निम्म्याच्या आसपास सहज हाती लागते. सोलार हीटर बघा. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट लागतात. हीटरचा २ चौरस मीटरचा काळा पत्रा किंवा नळ्या दिवसभरात एवढं करतात, तेच पॅनेल लावून गिझर चालवायचा म्हटलं तर ४ चौरस मीटर पॅनेल पाहिजे. शिवाय हीटरला पंप नाही, गरम झालेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं आणि गार पाणी खाली येतं. त्याचा खरा शत्रू म्हणजे बोअरचं जड पाणी, बारीक पाइपात क्षार बसून दोन-तीन वर्षांत हीटर "गरमच करत नाही" व्हायला लागतो, तेव्हा बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या, त्याच्यात नळ्या रुंद असतात आणि साफ करता येतात.

सोलार कुकर पण यातलाच. आत काळा पत्रा, वर दुहेरी काच, काचेतून प्रकाश आत येतो, पत्रा तापतो, आणि तापलेल्या पत्र्याची उष्णता काचेतून तशी बाहेर पडू शकत नाही. वरणभात दोन-तीन तासांत होतो, करपत नाही, फक्त चपात्या आणि फोडणी जमत नाही. ही आयडिया मुंबईला नवीन नाही बरं का, १८७० च्या दशकात विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरसे लावलेला सोलार कुकर बनवला होता आणि जानेवारी महिन्यात सात सैनिकांचं जेवण त्यात दोन तासांत शिजतं असं त्याने लिहून ठेवलंय. एवढ्यावर थांबला नाही, कुलाब्यात आरशांची रांग लावून बॉयलर तापवला आणि त्यावर अडीच एचपीचं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. आज तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर शिर्डीला जा, साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ मोठ्या आरशांच्या डिश बसवल्या, त्या सूर्यामागे फिरतात, वाफ तयार करतात आणि खाली भाविकांचं जेवण शिजतं.

आणि ड्रायर. गच्चीवर कुरड्या, मिरच्या, कैरीच्या फोडी वाळवतो तोही सोलारच म्हणा, पण त्यात धूळ, माश्या, कावळे आणि रंग उडणं आलंच. बंद ड्रायरमध्ये काळ्या तापलेल्या ट्रेवर माल असतो, वरून काच, आणि हवेला आत-बाहेर जायला वाट, त्यामुळे ओल लवकर जाते आणि माल स्वच्छ राहतो. मुंबईच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) शिकलेल्या पोरांनी सुरू केलेल्या एस४एस टेक्नॉलॉजीज कंपनीने असे ड्रायर गावातल्या बायकांना देऊन कांदा, आलं, टोमॅटो वाळवून विकायची साखळी उभी केली, पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार त्यांना मिळाला. भाव पडल्यावर कांदा रस्त्यावर फेकण्यापेक्षा वाळवून ठेवणं, हे मला कुठल्याही स्मार्ट गॅजेटपेक्षा स्मार्ट वाटतं.

सोलार कारचं म्हणाल तर पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीची ईव्हा आहे, छोटी, शहरात फिरायची. कंपनी म्हणते छतावरच्या पॅनेलवर वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत जाता येतं. आपली मोजपट्टी लावू. छतावर एक चौरस मीटर पॅनेल धरलं, तर दिवसाला एक युनिट, एवढी हलकी गाडी एका युनिटमध्ये दहाएक किलोमीटर जाते, उन्हाचे ३०० दिवस, झाले ३०००. म्हणजे दावा गणितात बसतोय, पण गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली तरच. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये लावली तर शून्य, आणि मग ती बाकीच्या इलेक्ट्रिक गाड्यांसारखी प्लगवरच चार्ज करायची.

छतावरच्या मोठ्या सोलारबद्दल वेगळंच लिहावं लागेल, पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी मिळते हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण एक धक्का आधीच सांगून ठेवतो: बॅटरी नसलेली साधी ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली, सिस्टीम लाइट गेली की बंद पडते, भर उन्हात सुद्धा. तो बिघाड नाही. बाहेर खांबावर वायरमन लाइन बंद समजून काम करत असताना तुमच्या छतावरून करंट गेला तर तो जीवानिशी जाईल, म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करतो. लोडशेडिंगसाठी सोलार घेत असाल तर हायब्रिड (लाइनवर आणि बॅटरीवर दोन्हीकडे चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरीचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

आणि बॅटरी घ्यायचीच असेल तर एलएफपी लिहिलेली बघा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. आकाराने थोडी मोठी असते पण उष्णता जास्त सहन करते आणि हजारो वेळा चार्ज होते. पॅनेल सहज वीस-पंचवीस वर्षं जगतं, बॅटरी त्याच्या आधी मरणारच, म्हणून जिची बॅटरी बदलता येत नाही, सगळं चिकटवून सील केलेलं असतं, अशी वस्तू स्वस्त असली तरी महागच पडते. पॅनेलवरची धूळ आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आणि अंगणातले दिवे, कंदील वगैरे कोकणात नाहीतर घाटावर असाल तर जूनमध्ये पूर्ण चार्ज करून, बटण बंद करून आत ठेवून द्या, दीड-दोन महिन्यांतून एकदा भिंतीच्या चार्जरवर जरा भरा, कारण रिकामी बॅटरी चार महिने तशीच पडली तर दसऱ्याला काढाल तेव्हा ती चार्जच घेणार नाही.